कळलावी लावताना: डोळा, पाणी आणि हात आवरणं

कळलावी लावणाऱ्यांच्या तक्रारी दोनच. ‘कंद कुजला’ आणि ‘वेल मेली’. पहिली बहुधा खरी असते. दुसरी जवळपास कधीच खरी नसते. पावसाळा सरल्यावर वेल वाळते, कारण कंद झोपायला जातो. लोकांना वाटतं झाड गेलं. मग कोणी कुंडी रिकामी करतं, कोणी जगवण्यासाठी पाणी वाढवतं, आणि तेव्हा मात्र कंद खरंच मरतो.

फुलपाखरं आणि शिंजीर हे मध पिणारे छोटे पक्षी यावेत म्हणून कळलावी लावायची असेल, तर खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. यात फारसे कष्ट नाहीत. क्रम चुकला की मात्र अख्खं वर्ष वाया जातं, कारण या झाडाला वर्षातून एकदाच संधी मिळते.

सुरुवातीलाच एक गोष्ट, कारण ती शेवटी सांगून उपयोग नाही. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे. कंद आणि बिया सर्वांत जास्त. त्यातलं कोल्चिसीन हे विष शिजवल्याने नाहीसं होत नाही. घरात रांगतं मूल असेल, कुंड्या उकरणारं कुत्रं असेल किंवा अंगणात शेळ्या मोकळ्या फिरत असतील, तर हे झाड सध्या लावू नका. कोरांटी लावा, धायटी लावा. पाहुणे तिथेही येतात.

टप्पा १: ओळख पक्की करा

नावावर विसंबू नका. कळलावीला कुठे खड्यानाग म्हणतात, कुठे अग्निशिखा, कोकणात गौरीचे हात. काही जण तिलाच बचनाग म्हणतात, पण खरा बचनाग हिमालयातला, वेगळ्याच कुळातला आणि त्याहून घातक. वाघनखी हे नाव तर कळलावीलाही लावतात आणि विंचू नावाच्या, आकडेवाल्या फळांच्या तणालाही. त्यामुळे नर्सरीत ‘वाघनखी आहे का?’ असं विचारून आणलेल्या रोपाचं काय निघेल ते सांगता येत नाही. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. मागताना तेच सांगा.

फूल असेल तर चुकायला जागा नाही. सहा पाकळ्या, कडा लाटांसारख्या मुरडलेल्या, आणि सगळ्या मागे, म्हणजे वरच्या दिशेने वळलेल्या. फूल स्वतः खाली तोंड करून लोंबतं. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात आणि स्त्रीकेसर बुडाशीच जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला जातो. उमलताना रंग हिरवट-पिवळा, मग खाली पिवळा आणि वर तांबडा, शेवटी सगळंच फूल लाल. एकाच वेलीवर तिन्ही रंग एकदम दिसतात ते यामुळे. त्या तीन जाती नव्हेत.

फूल नसताना पानाचं टोक बघा. कळलावीच्या पानाला देठ नसतो आणि टोक लांबत जाऊन स्प्रिंगसारखं वळतं. या वळलेल्या टोकानेच, म्हणजे ताण्याने, ती आधार धरते. घोटवेलीलाही ताणे असतात, पण ते पानाच्या देठापाशी निघतात. शतावरीला सुईसारखी बारीक पानं आणि काटे असतात. वाटाण्याच्या कुळातल्या वेलींचं पान अनेक पर्णिकांचं असतं. अख्ख्या, लांबट पानाचं टोकच ताणा झालेलं दिसलं की उत्तर बहुधा कळलावीच.

‘बहुधा’ म्हटलं त्याला कारण आहे. खोडाच्या तळाच्या पानांना हा ताणा अनेकदा नसतोच. जूनमध्ये नुकतं वर आलेलं, वीतभर उंचीचं रोप साध्या लिलीसारखं दिसतं. रोप गुडघ्याएवढं होईपर्यंत निकाल देऊ नका.

आता देशी आणि शोभेची यांतला फरक. रोपवाटिकांमध्ये रॉथशिल्डियाना नावाचा प्रकारही मिळतो. त्याच्या पाकळ्या रुंद, गर्द किरमिजी, पिवळी कड असलेल्या आणि कमी मुरडलेल्या असतात. मूळ आफ्रिकेतला. आपल्या रानातल्या कळलावीच्या पाकळ्या अरुंद आणि कडा दाट लाटांच्या. देशी झाडच हवं असेल, तर फुलाचा फोटो पाहिल्याशिवाय कंद घेऊ नका. नुसता कंद पाहून हा फरक कळत नाही.

> सावध: ओळख पटवण्यासाठी कंद उकरू नका, चाखून बघणं तर दूरच. कळलावीचे कंद रताळं किंवा रानकंद समजून उकडून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत.

टप्पा २: कंद मिळवा, पण रानातून नाही

जंगलातून कंद खोदून आणू नका. राखीव वनातून परवानगीशिवाय झाड उपटणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे आणि अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब जमत नाही. औषधासाठी होणाऱ्या खोदाईने ही वेल अनेक ठिकाणी विरळ झाली आहे, आणि एक कंद उपटला की एक अख्खं झाड गेलं. खोडाचा तुकडा लावून ही वेल येत नाही. रानातल्या फुलपाखरांचं ताट ओढून आपल्या अंगणात मांडायचं, यात काय मिळवलं?

कंद घ्यावा तो लागवड केलेल्या झाडाचा. एप्रिल-मे हा काळ योग्य, कारण तेव्हा कंद झोपेत असतो आणि हलवलेलं सोसतो. पावसाळ्यात वेलीसकट आणलेलं रोप टिकण्याचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात मिळत नसेल, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा.

कंदाचा आकार इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखा, दोन फाट्यांचा. नांगरासारखा दिसतो म्हणून संस्कृतात हिचं नाव लांगली. या आकारातच सगळी मेख आहे. बटाट्याला अंगभर डोळे असतात, इथे तसं नाही. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक डोळा. तो मोडला की त्या फाट्यातून काहीच येत नाही, मग उरलेला कंद कितीही धष्टपुष्ट असो.

मी पहिल्या वर्षी आणलेले चार कंद पिशवीत बटाट्यांसारखे एकावर एक टाकून बसने आणले होते. चारपैकी एक उगवला. दोष मातीला देत बसलो. डोळे वाटेतच मोडले होते हे पुढच्या वर्षी दुसऱ्याचे कंद हातात घेऊन नीट पाहिल्यावर समजलं.

कंद घेताना हे बघा:

- दाबून पाहा. घट्ट हवा. मऊ, पाणथळ किंवा वास येणारा नको.
- दोन्ही टोकं पाहा. निदान एक टोक अखंड, फिकट, किंचित टोकदार हवं.
- वजन साधारण ५० ग्रॅम किंवा जास्त असेल तर पहिल्याच वर्षी फूल येण्याची शक्यता चांगली. करंगळीएवढे कंद उगवतात, पण बहुतेकदा नुसती पानं देतात.
- एकाच झाडाचे चार कंद घेण्यापेक्षा दोन वेगळ्या ठिकाणचे दोन-दोन घ्या. याचं कारण सहाव्या टप्प्यात कळेल.

आणताना प्रत्येक कंद वेगळ्या कागदात गुंडाळा, खोक्यात कोरड्या भुशावर ठेवा. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, घाम सुटून कुजतो. सावलीत, हवेशीर, मुलांच्या हाताला न लागेल असं ठेवा आणि खोक्यावर ठळक ‘विषारी’ लिहा. स्वयंपाकघरात, कांदे-बटाट्यांच्या टोपलीशेजारी तर अजिबात नको.

टप्पा ३: जागा आणि माती

कळलावी रानात कुठे दिसते ते आठवा. कुंपणाच्या काठाला, झुडपांच्या जाळीत, उताराच्या बांधावर. पाय सावलीत, डोकं उन्हात. पाऊस धो-धो पडतो, पण पाणी थांबत नाही. घरी हेच द्यायचं. दिवसाकाठी चार-पाच तास ऊन मिळेल, बुडाशी झुडपाची किंवा पालापाचोळ्याची सावली असेल आणि मुसळधार पावसानंतर तासाभरात पाणी ओसरेल अशी जागा.

तपासा: लावायच्या जागी वीतभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन तासांनंतरही उभं असेल, तर तिथे कंद थेट जमिनीत लावू नका.

काळ्या जमिनीत ही परीक्षा बहुतेक नापासच होते. तिथे गादीवाफा करा, निदान ३० सेंटिमीटर उंच. मातीत जाड वाळू किंवा बारीक खडी आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा. जांभ्याच्या मातीत निचऱ्याची अडचण कमी, मात्र भर म्हणून पालापाचोळ्याचं खत हवं.

कुंडीत लावणार असाल तर तोंड आणि खोली दोन्ही निदान ३० सेंटिमीटर हवीत. कंद दरवर्षी नवा होतो. जुना आक्रसून संपतो आणि त्याच्या जागी नवे दोन फाटे तयार होतात. त्यांना आडवं पसरायला जागा लागते. दोन भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं पानांचं खत, हे मिश्रण मला पुरतं. तळाचं भोक खापरीने झाका, बुजवू नका. कुंडीखाली ताटली ठेवू नका. पावसाळ्यात ताटलीत साचलेलं पाणी कंदाला खालून मारतं, आणि वरून बघणाऱ्याला माती ठीकच दिसत असते.

ताजं शेणखत अजिबात नको. ते तापतं, बुरशी आणतं, आणि कंदाला नेमकं तेच बाधतं.

आधार आत्ताच लावा, कंदाच्या आधी. नंतर काठी खोचायला गेलात तर ती कंदातूनच जाईल. सर्वांत चांगला आधार म्हणजे जिवंत झुडूप. करवंदाची जाळी असेल तर सोन्याहून पिवळं. धायटी लावली तर दुहेरी फायदा: कळलावी झोपेत असते त्या हिवाळ्या-उन्हाळ्याच्या दिवसांत धायटी फुलते आणि शिंजिरांना खाणं मिळत राहतं. कोरांटी मधल्या महिन्यांची सोय करते. फुलपाखरं येतात म्हणून घाणेरीच्या झुडपावर मात्र कळलावी चढवू नका. घाणेरी परकी आहे, पसरते आणि बाकी सगळ्यांना दाबून टाकते.

झुडूप नसेल तर बांबूच्या बारीक फांद्या किंवा जाळी चालते. आधार बोटापेक्षा बारीक हवा. पानाचा ताणा पेन्सिलीएवढ्या काडीला वेढा घालतो, जाड खांबाला धरू शकत नाही. लोखंडी पाइप उभा करून ‘वेल चढतच नाही’ म्हणणारे मी बरेच पाहिले.

टप्पा ४: लागवड

वेळ: मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. वळवाचा एखादा पाऊस झाला असेल तर उत्तम.

१. हातमोजे घाला. नसतील तर काम झाल्यावर साबणाने हात धुवा आणि तोवर डोळ्यांना, तोंडाला हात लावू नका.

२. दोन्ही फाट्यांचे डोळे शाबूत असतील आणि दोन झाडं करायची असतील, तर कंद सांध्यावर वेगळा करता येतो. जखमेला राख किंवा ट्रायकोडर्मा (कंद कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी) पावडर लावून दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी तोडू नका. अख्खा कंद जोमाने येतो.

३. सहा-सात सेंटिमीटर खोल चर करा. कंद त्यात आडवा ठेवा.

हा ‘आडवा’ शब्द अधोरेखित करा. उभा खोचला की एक डोळा खूप खोल जातो किंवा उलटा, खाली तोंड करून बसतो. आडवा ठेवला की डोळा कुठल्या टोकाला आहे हे ओळखता आलं नाही तरी बिघडत नाही, कोंब आपली वाट काढतो.

४. भुसभुशीत माती हाताने सोडा. दाबू नका, पायाने तर नाहीच. डोळा नेमका याच वेळी मोडतो.

५. कंदाच्या दोन्ही टोकांच्या जरा पलीकडे एकेक खुंटी रोवा. कोंब येईपर्यंत आणि नंतर झोपेच्या काळात कंद कुठवर आहे हे या खुंट्याच सांगतात. खुरपणाऱ्यालाही ते दिसायला हवं.

६. दोन कंदांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा.

७. एकदा, मातीची वरची वीत ओली होईल इतपत पाणी द्या. मग पाऊस येईपर्यंत माती सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका.

> सावध: कोंब यायला दोन ते पाच आठवडे लागतात, काही कंद त्याहून जास्त घेतात. या काळात उकरून बघायची खुमखुमी येणारच. उकरू नका. जमिनीखाली वाढणारा कोंब काचेसारखा ठिसूळ असतो. बोट लागलं की तुटतो, आणि त्या फाट्याला दुसरा डोळा नसतो.

टप्पा ५: कोंब ते वेल

कोंब दिसला की आठवडाभर नुसतं बघा. तो रोज लक्षात येईल इतका वाढतो. हातभर झाला की आधाराकडे झुकतोय का ते पाहा. झुकत नसेल तर एक बारीक काडी कोंब आणि आधार यांच्यामध्ये तिरपी टेकवा. वेल ओढून बांधू नका. खोड ठिसूळ, दोऱ्याच्या गाठीपाशीच मोडतं. फांद्या फुटण्याआधी शेंडा मोडला तर त्या वर्षीचं फूल बहुधा गेलं.

गोगलगायी कोवळ्या कोंबांवर येतात. रात्री टॉर्च घेऊन वेचा. बुडाशी कोरडी राख टाकतात, पण पाऊस पडला की ती वाहून जाते, म्हणून वेचणंच खरं.

मग येते काळी, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांची सुरवंटांची फौज. हा पॉलिटेला ग्लोरिओसी नावाच्या पतंगाचा सुरवंट. त्याच्या नावातच कळलावी आहे. घोळक्याने येतात आणि दोन-तीन दिवसांत वेलीच्या काड्या करतात. इथेच बहुतेकांचा हात फवाऱ्याकडे जातो. फुलपाखरांसाठी झाड लावायचं आणि त्यावर कीटकनाशक मारायचं, म्हणजे पंगतीला बोलावून वाढपात विष कालवायचं. कडुनिंबाचा अर्कसुद्धा फुलांच्या काळात नको. रोज सकाळी पानांची खालची बाजू बघा. अंडी आणि लहान सुरवंटांचा पुंजका एकाच पानावर असतो तेव्हा ते पान काढलं की काम झालं. मोठे झाल्यावर पांगतात, मग वेचत बसावं लागतं. हातमोजे घालूनच. थोडे राहिले तर राहू द्या, हा पतंगही इथलाच आहे.

खत: कोंब गुडघ्याएवढा झाल्यावर ओंजळभर गांडूळखत, पुन्हा कळ्या दिसायच्या वेळी तेवढंच. युरिया घातला की नुसती पानं माजतात आणि खोड आणखी ठिसूळ होतं.

पाणी: पावसाची उघडीप आठवड्याहून लांबली तरच. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर झारी ठेवून द्या.

टप्पा ६: फुलोरा, आणि पाहुण्यांसाठी जागा

ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फुलं येतात, खालून वर, एकामागून एक. एक फूल आठवडाभर तरी टिकतं.

इथे फुलाची रचना समजून घ्यायलाच हवी, कारण चुका त्यावरूनच होतात. मध पाकळ्यांच्या बुडाशी असतो. पुंकेसर त्यापासून लांब, आडवे पसरलेले. स्त्रीकेसरही काटकोनात वळून त्याच पातळीवर गेलेला. मोठं फुलपाखरू मध पिताना पंख हलवत राहतं आणि पराग लागतो तो त्याच्या पंखांना. पुढच्या फुलावर तोच पंख स्त्रीकेसराच्या टोकाला घासतो. शिंजीरही येतात. मधमाश्या येतात, पण अंगाने लहान असल्यामुळे त्या पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोघांनाही शिवतीलच असं नाही.

याचा अर्थ असा की फुलाभोवती पंख हलवायला मोकळी जागा हवी. भिंतीला चिकटवलेल्या जाळीवर, दोन कुंड्यांच्या फटीत किंवा खिडकीच्या गजांआड फूल आलं तर ते आपल्याला दिसतं, फुलपाखराला गैरसोयीचं पडतं. कळ्या दिसू लागल्या की आसपासच्या फांद्या हलक्या हाताने बाजूला करा. कुंडी असेल तर मोकळ्या कडेला आणा, फिरवताना वेल आधारासकट हलवा. एवढं एकच काम या टप्प्यात करायचं आहे.

गौरीसाठी किंवा फुलदाणीसाठी सगळी फुलं तोडू नका. तोडायचीच तर पूर्ण लाल झालेलं, जुनं फूल तोडा. पिवळं-तांबडं नवं फूल वेलीवर राहू द्या. आणि तोडलेलं फूल प्रसादाच्या ताटात किंवा पाण्याच्या तांब्यात ठेवू नका.

तपासा: शेंग धरली का? तामिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते आणि शेंगा भरपूर धराव्यात म्हणून तिथे माणसं हाताने पराग लावतात. तुम्ही तसं करू नका. तुमच्या वेलीवर आपोआप शेंगा धरल्या तर पाहुणे येऊन गेले, हीच त्याची पावती. फुलं भरपूर आणि शेंग एकही नाही, असं झालं तर तीन गोष्टी बघा: फुलाभोवती जागा आहे का, शेजारी कोणी फवारणी करतं का, आणि सगळे कंद एकाच झाडाचे आहेत का. दोन वेगळ्या ठिकाणचे कंद घ्यायला सांगितलं होतं ते यासाठी.

टप्पा ७: शेंगा

हिरव्या लांबट शेंगा सुकत जातात, तीन कप्प्यांनी फुटतात आणि आत लालबुंद बिया दिसतात. मुलांना हात लावावासा वाटेल असाच त्यांचा रंग. मुलं येत-जात असतील तर शेंगा फुटण्याआधी, पिवळट पडू लागल्या की काढून घ्या आणि कागदी पाकिटात, कुलपात सुकवा.

कोणी चुकून बी किंवा कंद खाल्ला तर लक्षणांची वाट पाहू नका. ती काही तासांनी सुरू होतात, उलट्या-जुलाब थांबले म्हणून धोका टळला असंही नसतं. घरी उलटी करवू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि झाडाचा फोटो किंवा तुकडा सोबत घ्या.

बियांपासून रोप करायचं तर सबुरी हवी. बीवरचं लाल आवरण चोळून काढा, सुकवा आणि पुढच्या मे-जूनमध्ये सेंटिमीटरभर खोल पेरा. उगवण विस्कळीत असते, काही बिया दोन-तीन महिने घेतात. पहिल्या वर्षी दोन-चार पानं आणि मातीखाली इवलासा कंद, बस. त्या वर्षी रोप हलवू नका. फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. तरीही वेगवेगळ्या रक्ताची झाडं मिळतात ती अशीच, म्हणून एक कुंडी बियांसाठी ठेवावी.

टप्पा ८: झोप

नोव्हेंबरच्या सुमारास पानं पिवळी पडतात. हा रोग नाही. पाणी हळूहळू कमी करा आणि वेल पूर्ण वाळली की बंद. हिरवी असताना कापू नका, कारण शेवटच्या आठवड्यांत पानांतलं सगळं नव्या कंदात उतरत असतं. वाळलेली वेल जमिनीपासून चार बोटं वर कापा. खुंट खुणेसाठी राहू द्या. कापलेला पाला गोठ्यात किंवा शेळ्यांपुढे टाकू नका.

डिसेंबर ते मे कंद कोरडा हवा. जमिनीत निचरा चांगला असेल तर तिथेच राहू द्या, वर पालापाचोळ्याचा थर टाका. कुंडी असेल तर पागोळीखालून आणि ठिबकच्या नळीपासून लांब, सावलीत सरकवा. शेजारच्या कुंड्यांना पाणी घालताना ‘हिलाही थोडं’ असं घरातल्या कोणाकडून तरी होतंच. माझ्याकडे दोन वर्षं झालं. आता त्या कुंडीवर पालथी परात ठेवतो आणि वर वीट.

दर दोन-तीन वर्षांनी कंद काढून वेगळे करावे लागतात, नाहीतर कुंडीत गर्दी होते. हे काम एप्रिलमध्ये, खुंट्यांच्या बाहेरच्या बाजूने कुदळ न लावता हाताने माती सोडवून. प्रत्येक कंदाची टोकं पुन्हा तपासा, मोडलेले वेगळे काढून खोल पुरा, जास्तीचे झाले तर ओळखीच्यांना द्या. देताना तोंडी सांगून भागत नाही. कागदावर ‘विषारी, आडवा लावा, डिसेंबर ते मे पाणी नको’ एवढं लिहून कंदाभोवती गुंडाळून द्या.